उकडहंडी : वाफेवरचे वाल (लेखांक ५)

थंडी पडू लागली की तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात आणि पुढे गुजरातच्या हद्दीत महामार्गाच्या कडेला मडकी उपडी घालून त्यांभोवती विस्तव पेटवलेला दिसतो. अशा मडक्यात वाफेवर शिजणाऱ्या पदार्थाला पालघरच्या बाजूला उकडहंडी आणि वलसाडच्या बाजूला उंबाडियू म्हणतात. रायगडातील पोपटी हे त्याचेच भावंड होय. वालपापडी, म्हणजे वालाच्या कोवळ्या, दाणा भरलेल्या शेंगा, हा त्याचा जीव असून त्यांच्या जोडीला कंद, रताळी आणि बटाटे येतात.

या पद्धतीत पाण्याचा थेंबही घालत नाहीत, आणि हीच तिची खरी ओळख आहे. शेंगांच्या शिरा दोन्ही कडांनी काढाव्यात, पण शेंग उघडू नये, कारण आतला ओलावाच पुढे वाफ होऊन दाणा शिजवतो. कंद सोलताना खाज सुटू नये म्हणून हाताला तेल लावावे. हिरवी मिरची, आले, ओल्या लसणीची पात, भरपूर ओवा आणि जाडे मीठ यांचे वाटण तेलात कालवून भाज्यांना चोळतात. ओव्यातील थायमॉल या घटकामुळे वास तर येतोच, शिवाय वालाने पोटात धरणारा वायूही कमी होतो, असा घरोघरचा अनुभव आहे. मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी उग्र वासाचा पाला दाबून बसवतात. पोपटीत हे काम भांबुर्ड्याचा पाला करतो. मग मडके उपडे ठेवून भोवती सुका पालापाचोळा व गोवऱ्या पेटवतात.

अंगण नसलेल्या घरात जाड बुडाचे भांडे, घट्ट झाकण आणि अगदी मंद आच यांवर सुमारे पाऊण तासात चांगली उकडहंडी होते. पाला न मिळाल्यास तळाशी केळीचे पान अंथरावे, धुराचा वास मात्र त्याने येत नाही. कुकरमध्ये थोडे पाणी घालावेच लागते, त्यामुळे शेंगा गिळगिळीत होतात, म्हणून हा मार्ग घाईच्या दिवसापुरताच ठेवावा.

अशाच दाण्यांचा एक पदार्थ दूरदेशीही आहे. अमेरिकेतील नॅरागान्सेट लोकांच्या भाषेतून नाव आलेला सकोटॅश, म्हणजे मका आणि लिमा बीन हे चपटे दाणे एकत्र शिजवलेला पदार्थ, पाण्यात उकळून होतो, तरी त्यामागची जाण ओळखीची आहे : मक्यात कमी असलेला लायसीन हा प्रथिनांचा घटक दाणे पुरवतात, तसेच तांदळाच्या भाकरीलाही वाल पुरवतात. तो घरी करायचा झाल्यास ओल्या वालाचे सोललेले दाणे आधी मऊ शिजवून त्यांत मक्याचे दाणे, लोणी आणि मीठ घालून पाच मिनिटे परतावे. वाळलेले वाल वापरायचे तर ते रात्रभर भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात पूर्ण शिजवणे आवश्यक आहे, कारण कच्च्या दाण्यांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात.