फाशीचे पेढे

शिक्षा आणि समाज : लेखांक ६

२१ नोव्हेंबर २०१२, बुधवार. सकाळी साडेसात वाजता येरवडा कारागृहात अजमल कसाबला फाशी दिली गेली, तेव्हा पुण्यात घरोघरी चहाचे आधण ठेवले जात होते. भिंतीपलीकडे काय चालले आहे, याचा पत्ता बाहेर कुणालाच नव्हता. आर्थर रोड तुरुंगातून त्याला गुपचूप हलवले होते आणि या सगळ्या खटाटोपाला ‘ऑपरेशन एक्स’ असे नाव होते. बातमी फुटली ती सगळे उरकल्यावर. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ती जाहीर केली आणि मग मुंबईत, पुण्यात, इतर अनेक शहरांत फटाक्यांच्या माळा लागल्या, पेढ्यांचे पुडे सुटले. लक्ष्मीपूजन होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

या लेखमालेत आतापर्यंत शिक्षा कोण देतो, का देतो, कशी देतो हे पाहिले. आज तुरुंगाच्या दाराबाहेर उभे राहून पेढा खाणाऱ्याकडे पाहायचे आहे.

त्यासाठी कसाबचेच उदाहरण घेणे बरे, कारण त्यात शंकेला जागा नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ माणसांचे प्राण गेले. गिरगाव चौपाटीवर त्याच्या बंदुकीची नळी हातात घट्ट धरून ठेवताना तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलल्या. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशा तीन पायऱ्या झाल्या, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. फाशीची शिक्षा असावी की नसावी, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. ती असावी आणि कसाबला ती योग्यच होती, असे मानू. मग पेढे वाटले तर बिघडले कुठे?

बिघडले काहीच नाही, असे म्हणणाऱ्यांची बाजू वाटते तितकी लेचीपेची नाही. दुष्टाचा अंत झाल्यावर आनंद करणे आपल्या पंचांगातच आहे. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले की अंगठ्याखाली कारीट फोडायचे, तो कडू रस जिभेला लावायचा आणि फराळाला बसायचे. गोव्यात तर रात्रभर जागून केलेले नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे त्या पहाटे जाळतात आणि त्यांच्या स्पर्धाही लागतात. पण त्या कथेचा शेवट फारसा कुणी सांगत नाही. मरताना नरकासुराने कृष्णाकडे वर मागितला की या दिवशी जो स्नान करील, त्याला नरकाची पीडा होऊ नये. म्हणजे सण त्याच्या मरणाचा खरा, पण मागून घेतलेला त्यानेच. रामायणातही रावण पडल्यावर बिभीषण अंत्यसंस्काराला कचरतो, तेव्हा राम त्याला सांगतो की वैर मरणापाशी संपले, आता हा जसा तुझा तसा माझाही. दसऱ्याला पुतळा जाळताना हा प्रसंग आपण सोयीने गाळतो.

बाहेरच्या परंपराही अशाच दुभंगलेल्या. होमरच्या ‘ओडिसी’त धन्याने शत्रूंची प्रेते पाडलेली पाहून म्हातारी दाई आनंदाने ओरडायला तोंड उघडते आणि ओडिसियस तिला गप्प करतो. मेलेल्यांपुढे जल्लोष करणे पाप आहे, असे तो म्हणतो. ही माणसे त्याने स्वतःच मारलेली आहेत, हे विशेष. ज्यूंच्या तालमुदात एक कथा आहे. पाठलाग करणारे इजिप्ती सैन्य समुद्रात बुडू लागते, देवदूत गायला सज्ज होतात आणि देव त्यांना खडसावतो : माझी लेकरे बुडताहेत आणि तुम्हाला गाणे सुचते? याच ज्यूंच्या देशात १९६२ मध्ये लक्षावधी ज्यूंच्या हत्येची यंत्रणा चालवणाऱ्या आइशमनला फाशी झाली, तेव्हा ती देऊ नका म्हणून अध्यक्षांना साकडे घालणाऱ्यांत तत्त्वज्ञ मार्टिन बूबर होते. त्यांचे ऐकले गेले नाही.

पण धर्मग्रंथ आणि तत्त्वज्ञ एकीकडे, माणसाचा मेंदू दुसरीकडे. तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेला एक प्रयोग २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. १६ पुरुष आणि १६ स्त्रिया पैशांचा एक खेळ खेळले. समोरच्या दोघांपैकी एक सरळ खेळे, दुसरा लबाडी करी. नंतर त्या दोघांच्या हाताला विजेचा झटका दिला जात असताना पाहणाऱ्यांचे मेंदू तपासले. सरळ माणसाला झटका बसला की सगळ्यांनाच आतून कळ येई. लबाडाच्या वेळी मात्र पुरुषांमधली ती कळ जवळपास नाहीशी झाली आणि मेंदूतला सुख नोंदवणारा भाग जागा झाला. स्त्रियांमध्ये तसे दिसले नाही. शिक्षा शारीरिक होती म्हणूनही हा फरक पडला असेल, अशी पुस्ती संशोधकांनीच जोडली आहे. मुद्दा एवढाच की दुष्टाला दुखताना बरे वाटणे ही विकृती नाही. ते आपसूक येते. आपसूक येणाऱ्या गोष्टीबद्दल कुणाला दोष देता येत नाही. दोष द्यायचा तर मिठाईच्या दुकानापर्यंत चालत जाण्याला द्यावा लागेल.

चार्ल्स डिकन्स असाच चालत गेला होता. १३ नोव्हेंबर १८४९ रोजी लंडनच्या हॉर्समंगर लेन तुरुंगाच्या छतावर मॅनिंग दांपत्याला फाशी होती. त्यांनी एकाचा खून करून प्रेत स्वयंपाकघराच्या फरशीखाली पुरले होते. डिकन्सने मित्रांबरोबर समोरची जागा भाड्याने घेतली आणि रात्रभर तो गर्दी न्याहाळत राहिला. हजारो माणसे, पोरेबाळे, शिट्ट्या, विडंबनगीते, पाकीटमारी, हाणामाऱ्या. परत आल्यावर त्याने ‘टाइम्स’ला पत्र लिहिले. त्यात फाशी रद्द करा अशी मागणी नव्हती, ती तुरुंगाच्या आत द्या एवढेच होते. मॅनिंगांच्या गुन्ह्यापेक्षा त्याच्या डोक्यात राहिली ती खालची गर्दी. पुढे १८६८ मध्ये ब्रिटनने जाहीर फाशी बंद केली. मग लोक तुरुंगावर चढणारे काळे निशाण बघायला जमू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेही बंद झाले. अमेरिकेत भिंत होती तरी १९८९ च्या जानेवारीत, टेड बंडी या खुन्याला विजेच्या खुर्चीत बसवले त्या पहाटे, फ्लॉरिडाच्या तुरुंगाबाहेर शेकडो लोक फटाके आणि तळणीची भांडी घेऊन हजर होते. कारण उघड आहे : माणूस तळला जाणार होता!

राज्यसंस्थेला या उत्साहाची लाज वाटत आली आहे, म्हणूनच फाशी पहाटे, बंद दाराआड आणि मोजक्या लोकांसमोर होते. आपल्याकडे मृत्युदंडावर सही केल्यावर न्यायाधीश पेनाचे निब मोडतात, असा प्रघात आहे. ज्या निबाने एकाचे मरण लिहिले, त्याने दुसरे काही लिहू नये, ही त्यामागची भावना. निकाल बरोबर आहे याची खात्री असतानाही निब मोडायचे असते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. खुन्याला फाशी दिलीच पाहिजे, असे ठासून सांगणाऱ्या कांटनेही अट घातली होती की मरणाऱ्यातल्या माणूसपणाची विटंबना होता कामा नये.

आपल्या कायद्याचे हात मात्र याबाबतीत अगदीच कोरडे नाहीत. १९८३ च्या मच्छी सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी हादरून जाते आणि न्यायाधीशांनी मृत्युदंड द्यावा अशी तिची अपेक्षा असते, तिथे तो देता येईल. ही बुद्धी मोजायची कशी, याचा उलगडा तेव्हा झाला नाही आणि पुढेही झालेला नाही. शिवाय ती घडवताही येते. कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितल्याच्या बातमीने महाराष्ट्र किती संतापला होता! राखीपौर्णिमेला त्याच्या डोळ्यांत पाणी आल्याच्या बातम्यांनी निर्माण झालेली हळवी लाट मोडण्यासाठी ती बिर्याणी आपणच रचली, असे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितले. ज्याच्या विरुद्ध पुराव्यांचा डोंगर होता, त्याच्यावरच्या रागालाही फोडणीला खोटी बिर्याणी लागली.

समाधान आणि जल्लोष यांतला फरक २० मार्च २०२० च्या पहाटे उघडा पडला. दिल्लीतल्या बलात्कार आणि खुनाच्या निर्भया प्रकरणातल्या चौघांना तिहारमध्ये साडेपाच वाजता फाशी झाली. जनता कर्फ्यू दोन दिवसांवर आला होता, गर्दी करू नका असे सांगून सरकार थकले होते, तरी तुरुंगाबाहेर लोक जमले, घोषणा झाल्या, मिठाई वाटली गेली. त्या मुलीच्या आईने घरी लेकीच्या फोटोला मिठी मारली आणि आज तुला न्याय मिळाला, असे ती म्हणाली. सात वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या बाईचे डोळे मुलीकडे होते. बाहेरच्यांचे दोराकडे होते. आईला नीतीचे धडे देण्याचा अधिकार कुणालाही नाही. बाहेरच्यांना मात्र विचारता येते की बाबांनो, तुमचे नेमके काय परत मिळाले?

आणि खरी अडचण याच्याही पुढची आहे. या आनंदाला निकालपत्राची गरजच भासत नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणाचा आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हाही फटाके वाजले, पेढे वाटले गेले. खटला उभाही राहिला नव्हता. त्याच्या आईबापांना मुलगा पुरायला जागा मिळेना. उच्च न्यायालयात जावे लागले आणि शेवटी पोलीस बंदोबस्तात उल्हासनगरला दफन झाले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरले. कसाबच्या वेळचा पेढा आणि हा पेढा, चवीत फरक नव्हता.

हैदराबादजवळ ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित चकमकीत मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, बायकांनी त्यांना राख्या बांधल्या. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर यांचा आयोग नेमला. त्याचा अहवाल २०२२ च्या मे महिन्यात खुला झाला. पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, असे सांगून आयोगाने दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली. मेलेल्या चौघांपैकी तिघे, आयोगाच्या निष्कर्षानुसार, घटनेच्या वेळी अल्पवयीन होते.

(पुढील आठवड्यात : दयेचा अर्ज राष्ट्रपती भवनात पोहोचतो कसा आणि तिथे इतकी वर्षे पडून का राहतो?)