इलेक्ट्रिक पिकअप घेताय? आधी हौदा मोजा, मग रेंज विचारा

व्हिडिओत आपण हप्त्याचं गणित फळ्यावर भरभर मांडलं. इथे तेच जरा सावकाश बघू, आणि तिथे वेळेअभावी राहून गेलेल्या गोष्टीही घेऊ. वही-पेन घेऊन बसा, कारण प्रश्न पाच वर्षांच्या हप्त्याचा आहे.

शोरूममध्ये पाय ठेवला की पहिला आकडा कानावर पडतो तो रेंजचा. पण तुमचा धंदा रेंजवर चालत नाही, मालावर चालतो. 2005 साली छोटा हत्ती आला तेव्हा लोकांनी त्यात काय काय भरलं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कागदावर जेवढं लिहिलंय त्याच्या दीडपट माल घालायचा, ही आपली सवय. त्याच छोट्या हत्तीची इलेक्ट्रिक आवृत्ती 2022 मध्ये आली ती 600 किलो वहनक्षमतेची. आता हिशोब करा. पाण्याचा 20 लिटरचा भरलेला जार साधारण 21 किलोचा, म्हणजे 28 जार झाले की गाडी भरली. भरलेला घरगुती सिलिंडर 30 किलोच्या आसपास, म्हणजे 20 सिलिंडर. तुमची रोजची एक खेप 40 जारांची असेल, तर ही गाडी तुमच्यासाठी दोन खेपांची गाडी आहे. मग 1 टनाची आवृत्ती बघा, ती 2024 मध्ये आली. "थोडं जास्त घालू, काय होतंय" हे डोक्यातून काढा. जादा मालाचा दंड कायद्याने 20,000 रुपयांपासून सुरू होतो, शिवाय बॅटरी लवकर उतरते ते वेगळंच.

आणि हो, टेप घेऊन जा. हौद्याची लांबी, रुंदी आणि जमिनीपासूनची उंची स्वतः मोजा. बेकरीवाल्याचे ट्रे, भाजीवाल्याचे क्रेट, मांडववाल्याचे बांबू या तिघांना तीन वेगळे हौदे लागतात. फाळका तिन्ही बाजूंनी खाली पडतो का बघा. गल्लीत गाडी मागे घ्यायला जागा नसते, तेव्हा बाजूचा फाळका उघडला तर हमालाचा अर्धा वेळ वाचतो.

आता रेंज. त्या 600 किलोवाल्या गाडीत बॅटरी 21.3 युनिटची, आणि कंपनीने सांगितलेली रेंज 154 किलोमीटर. म्हणजे युनिटला 7 किलोमीटर. ही चाचणीतली रेंज. मी हिशोबाला 5 धरतो: भरलेली गाडी, सिग्नल, खड्डे, दर दुकानापाशी थांबणं. म्हणजे हातात राहिले शंभरेक किलोमीटर. त्यातही शेवटचे 15 टक्के शिल्लक ठेवूनच घरी या.

घाट असेल तर आणखी एक वजाबाकी. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना साधारण साडेपाचशे मीटर वर जावं लागतं. पावणेदोन-दोन टनांची भरलेली गाडी तेवढी उंच न्यायलाच तीन-सव्वातीन युनिट जातात, अंतराचा खर्च वेगळा. म्हणजे पंधराएक किलोमीटरची रेंज नुसत्या चढात गेली. उतरताना त्यातलं काही परत मिळतं, कारण ब्रेक लावताना मोटर उलटी चालून बॅटरी भरते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर घेतलेली वीज ठेवायची कुठे? तुमचं गोदाम घाटमाथ्यावर असेल आणि सकाळी खाली उतरायचं असेल, तर रात्री 100 टक्के चार्ज करू नका.

आता मुख्य गणित. रोज 80 किलोमीटर धरा. युनिटला 5 प्रमाणे 16 युनिट, चार्जिंगमधली गळती धरून 18. युनिट 10 रुपयांनी धरलं तर दिवसाला 180 रुपये. डिझेलची गाडी लिटरला 18 देते आणि डिझेल 90 रुपये धरलं, तर 400 रुपये. दिवसाला 220 वाचले, महिन्याचे 26 दिवस धरले तर 5,720. दोन गाड्यांच्या किमतीत 3 लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला साधारण 52 महिने.

बरं, तुमची गाडी रोज 40 किलोमीटरच फिरत असेल तर? बचत अर्धी, 2,860. तोच फरक भरायला पावणेनऊ वर्षं! म्हणून म्हणतो, "आपलं फिरणं कमी आहे, आपल्याला इलेक्ट्रिक परवडेल" हे वाक्य उलटं आहे. कमी फिरणाऱ्याला ती घेता येते, पण परवडते ती भरपूर फिरणाऱ्याला. माझ्या मते 70 ते 90 किलोमीटरचा, रोज ठरलेल्या रस्त्याचा धंदा या गाडीला सगळ्यात जास्त मानवतो: दूध, बेकरी, कुरिअर, पाण्याचे जार. तुमची आत्ताची गाडी सीएनजीवर असेल तर वरचा हिशोब सीएनजीच्या भावाने पुन्हा करा, बचत बरीच रोडावेल.

विजेचा दर मात्र तुमचा स्वतःचा घाला. घरच्या मीटरवर चार्ज केलंत तर महिन्याला 468 युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटला टप्पे आहेत. टीव्ही-फ्रिजसकट तुम्ही वरच्या टप्प्यात जाता आणि 10 रुपयांचं गणित कोलमडतं. चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेता येतं, त्याचा दर विचारूनच निर्णय घ्या. गाळा भाड्याचा असेल तर मालकाकडून लेखी परवानगी आधी, गाडीचं बुकिंग नंतर. साध्या 15 अँपिअरच्या पॉइंटवर एवढी बॅटरी भरायला सात तास लागतात. पहाटे तीनला मार्केट यार्डात पोहोचणाऱ्याने रात्री आठला वायर लावलीच पाहिजे.

पावसाळ्याची भीती सगळ्यांना असते. बॅटरीवर आयपी 67 लिहिलेलं असेल, तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली आहे. पण ती चाचणी जोरदार फवाऱ्याची नाही, त्यामुळे वॉशिंग सेंटरवाल्याला खालून प्रेशर मारू देऊ नका.

आणखी एक मागणी सारखी येते: गाडीच्या बॅटरीवर ड्रिल, आठवडी बाजारातले दिवे, ज्यूसचं मशीन चालवता येईल का? अमेरिकेत फोर्डच्या एफ-150 लाइटनिंगमध्ये 9.6 किलोवॉटपर्यंत वीज देणारे सॉकेट आले, बांधकामवाले साइटवर त्यावर करवती चालवतात. आपल्याकडच्या छोट्या गाडीत ही सोय गृहीत धरू नका. इलेक्ट्रिशियनकडून वायर ओढून घ्याल तर वॉरंटी गेली समजा.

टोलचंही ऐका. अटल सेतूवर ऑगस्ट 2025 पासून इलेक्ट्रिक कारला टोल माफ झाला, पण मालवाहू गाड्या त्यातून वगळल्या आहेत. सेल्समनने टोल वाचल्याचा आकडा लिहून दिला असेल तर खोडा.

वॉरंटी वर्षांत वाचू नका, किलोमीटरमध्ये वाचा. समजा 7 वर्षं किंवा 1.75 लाख किलोमीटर आहे. रोज 80 किलोमीटरने तुम्ही बरोबर सातव्या वर्षी तिथे पोहोचता. रोज 120 चालवलीत तर पाच वर्षं व्हायच्या आधीच वॉरंटी संपते, आणि तुमचे हप्ते अजून चालूच असतात.

शेवटचं म्हणजे डेमो. रिकाम्या गाडीचा डेमो घेऊ नका. स्वतःचा माल भरा, स्वतःच्या रस्त्यावर, स्वतःच्या ड्रायव्हरला चालवू द्या. निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहून ठेवा. आणि डेमो सोमवारी मागा, रविवारी नको. रविवारी रस्ते रिकामे असतात.