व्हिक्टोरिया गोदीतले दोन तास

भायखळ्याला मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात दर 14 एप्रिलला मानवंदना दिली जाते, ती 1944 साली व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटात बळी गेलेल्या 66 जवानांना. देशभरातला अग्निशमन सेवा सप्ताहही याच तारखेपासून सुरू होतो. दल रीतसर उभं राहिलं 1887 मध्ये. एका दुपारी एवढी माणसं गमावण्याची वेळ त्याच्यावर ना आधी आली होती, ना नंतर आली.

ही हकिकत बहुधा स्फोटापासून सांगितली जाते. मला ती त्याआधीच्या दोन तासांची वाटते. धूर दिसला तेव्हा जहाज शाबूत होतं, पाणी मुबलक होतं, आणि बंबवाले वेळेवर पोहोचले होते.

जहाजाचं नाव 'फोर्ट स्टिकीन'. कॅनडात बांधलेलं, सात हजार टनांचं युद्धकालीन मालवाहू जहाज. फेब्रुवारीअखेर ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, तेव्हा त्यात सुमारे 1,400 टन दारूगोळा होता: तोफगोळे, सुरुंग, पाणतीर. शिवाय खोक्यांत भरलेली विमानं आणि सोन्याच्या विटा. कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या 8,700 गासड्या चढल्या. त्याबरोबर वंगणाचं तेल, लाकूड, गंधक, भंगार, मासळीचं खत. कप्तान अलेक्झांडर नाइस्मिथला ही भरणी पसंत नव्हती. पण लढाईच्या दिवसांत जहाजात जागा मोकळी ठेवणं परवडत नसे. दोन नंबरच्या कप्प्यात खाली कापूस आणि वर स्फोटकं अशी रचना झाली.

12 एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागलं. स्फोटकांच्या जहाजाने एरवी लाल बावटा लावायचा असतो. शत्रूला सुगावा नको म्हणून तो लावलेला नव्हता. दोन दिवस उलटले तरी बहुतेक दारूगोळा पोटातच होता.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर कामगार परतले आणि दोन नंबरच्या कप्प्यातून धूर येताना त्यांना दिसला. कुणी विडी-सिगारेट ओढली असावी असा संशय पुढे घेतला गेला. अग्निशमन दलाला वर्दी गेली सव्वादोनच्या सुमारास. पण वर्दीत स्फोटकांचा उल्लेख पोहोचलाच नाही. त्यामुळे साध्या आगीला जावेत तसे आधी दोनच बंब आले. जहाजात काय आहे ते जवानांना गोदीत शिरल्यावर कळलं, तेव्हा आणखी बंब मागवले गेले.

कापसाची आग पाण्याला दाद देत नाही. दाबून बांधलेली गासडी बाहेरून भिजते, आतून धुमसत राहते. त्या कप्प्यात 900 टनांहून जास्त पाणी ओतलं गेलं आणि त्याने उलटाच घात केला. पाणी चढलं तसा जळता कापूस तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेने सरकला. जहाजाचा पत्रा इतका तापला की बाहेरच्या रंगाला फोड आले. आगीचं मूळ तिथेच आहे हे त्यावरून कळलं, पण पत्रा कापून तिथवर पोहोचणं जमलं नाही.

धक्क्यावर अधिकारी कमी नव्हते. दारूगोळा खात्याचा अधिकारी म्हणाला, जहाज बुडवा. गोदीच्या व्यवस्थापनाचं मत, बाहेर काढा. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स पाणी मारत राहण्याच्या बाजूने होते. बुडवावं तर गोदीत तेवढी खोली नव्हती. या गोद्यांचे दरवाजे भरतीच्या हिशेबाने उघडत, त्यामुळे बाहेर काढणंही सोपं नव्हतं. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण सगळ्यांवर चालेल असा हुकूम देण्याचा अधिकार एकाकडेही नव्हता. माझ्या मते मुंबईचा घात इथे झाला. आग विझवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं. गोदी रिकामी करा, एवढं तरी कुणीतरी वेळेत म्हणायला हवं होतं. शेजारच्या जहाजांवर नि शेडमध्ये माणसं नेहमीसारखी कामात होती.

ज्वाळा कप्प्यातून वर उसळल्या तेव्हा, चार वाजायला दहा मिनिटं असताना, जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. 'फोर्ट स्टिकीन'चे दोन तुकडे झाले. शेजारचं 'जलपद्म' पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावर आदळलं. कप्तान नाइस्मिथ गेला, नळ्या धरून उभे असलेले जवान गेले. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. अर्ध्या तासाने मागच्या कप्प्यातला दारूगोळा उडाला. जळता कापूस नि तापलेलं लोखंड मांडवी, मस्जिद बंदर, वाडी बंदरच्या वस्तीवर पडलं. सुमारे मैलभर अंतरावरच्या एका घरात 28 पौंडांची सोन्याची वीट येऊन पडली. निवृत्त अभियंता असलेल्या पारशी घरमालकाने ती परत केली.

मृतांचे आकडे 800 ते 1,300 असे वेगवेगळे दिले जातात. गोदीत रोजंदारीवर आलेल्यांची पक्की मोजदाद होणं कठीणच होतं. सुमारे 80,000 लोक बेघर झाले. बंगालच्या दुष्काळाला वर्षही सरलं नव्हतं आणि इथे 50,000 टनांहून अधिक धान्याची राख झाली. धान्याचा काळाबाजार भडकला. सेन्सॉरने बातमी दाबून ठेवली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र ती दुसऱ्याच दिवशी तपशिलाने दिली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. पुढे 8,000 माणसं सात महिने सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसत होती. गाळ काढताना सोन्याच्या विटा त्यानंतरही कित्येक वर्षं सापडत राहिल्या.

व्हिक्टोरिया गोदी आता कंटेनर ठेवण्यासाठी भरून टाकली आहे. पण वर्दीत राहून गेलेला तो एक निरोप माझ्या डोक्यातून जात नाही. 4 ऑगस्ट 2020 रोजी बैरुतच्या बंदरातल्या गोदामाला आग लागली, तेव्हा आत 2,750 टन अमोनियम नायट्रेट असल्याची कागदोपत्री नोंद होती आणि अधिकाऱ्यांना ती माहीत होती. आग विझवायला धाडलेल्या दहा जणांच्या पथकाला कुणी ते सांगितलं नव्हतं. त्या दहांपैकी एकही परतला नाही.