ध्वनिफितीपासून ‘स्वयम्’पर्यंत : दूरशिक्षणाच्या साहित्याची वाटचाल

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने झाली. १९८७ मध्ये दोन पदविका अभ्यासक्रम आणि ४,५२८ विद्यार्थी यांसह अध्यापनास प्रारंभ झाला. शिक्षक समोर नसताना शिकवायचे कसे, हा या विद्यापीठापुढील मूलभूत प्रश्न होता. त्याचे पहिले उत्तर छापील पुस्तिकांनी दिले. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वाध्याय आणि शेवटी उत्तरे अशी रचना करून शिक्षकाचे काम पुस्तकाकडे सोपविण्यात आले.

मात्र प्रयोगातील हालचाल किंवा भाषेतील उच्चार कागदावर उतरत नाहीत. म्हणून ध्वनिफिती व चित्रफिती आल्या. त्या अभ्यासकेंद्रांत ऐकता-पाहता येत. दूरदर्शनवरूनही पाठ प्रसारित होऊ लागले. तथापि प्रक्षेपणाची वेळ चुकली की पाठ हुकत असे आणि पडद्याला शंका विचारता येत नसे.

ही उणीव दूरपरिषदेने काही अंशी भरून काढली. तज्ज्ञ पडद्यावर दिसत आणि विद्यार्थी दूरध्वनीवरून प्रश्न विचारीत. २००० मध्ये ‘ज्ञानदर्शन’ वाहिनी, २००१ मध्ये ‘ज्ञानवाणी’ नभोवाणी आणि २००४ मध्ये शिक्षणासाठीच सोडलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह यांनी हे जाळे विस्तारले. पुढे ‘ई-ज्ञानकोश’ या संग्रहामुळे पाठ्यसाहित्य हव्या त्या वेळी उपलब्ध झाले.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ व्यासपीठाने चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन ही चार अंगे एकत्र गुंफली. गोव्यातही महामारीच्या काळात, २०२० मध्ये, उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिष्टावो’ उपक्रमातून महाविद्यालयीन पाठांच्या चित्रफिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविल्या.

साधने बदलली, तरी जुना प्रश्न कायम आहे. तासाभराचे व्याख्यान चित्रित करून संकेतस्थळावर चढविले की अध्ययनसाहित्य तयार झाले, हा समज चुकीचा आहे. कोणता भाग वाचून समजेल, कोणता ऐकून आणि कोणता पाहूनच, हा विवेक छापील पुस्तिकांच्या काळाइतकाच आजही आवश्यक आहे. डोंगराळ गावात नेटवर्क क्षीण असेल, तर जड चित्रफितीपेक्षा हलकी ध्वनिफीत आणि सुबोध टिपण अधिक उपयोगी पडते. साहित्य किती तयार झाले यापेक्षा ते शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत कोणत्या रूपात आणि कोणत्या भाषेत पोहोचले, यावरच त्याचे मोल ठरते.