दारावरची वर्दी

कॉम्प्युटरचा प्रोग्राम म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या सूचनांची लांबलचक यादी, असं आपल्याला वाटतं. पण प्रोग्राम लिहिण्याची आणखी एक तऱ्हा आहे. छोटे छोटे घटक तयार करायचे आणि ते एकमेकांना जोडायचे. मग माहिती एका घटकातून दुसऱ्यात वाहत जाते, म्हणून हिचं नाव 'फ्लो बेस्ड प्रोग्रामिंग'. कॅनडात आय.बी.एम. कंपनीत काम करणाऱ्या जे. पॉल मॉरिसन यांनी ती १९७० च्या सुमारास पुढे आणली आणि १९९४ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं.

प्रत्येक घटकाला दारं असतात. काही आत येण्याची, काही बाहेर जाण्याची. या दारांना म्हणायचं 'पोर्ट'. (भूगोलात पोर्ट म्हणजे बंदर, नाही का? इथेही माल येतो-जातो, फक्त तो आकड्यांचा नि अक्षरांचा!)

आता गंमत पाहा. घटकाला आपला शेजारी कोण, हे ठाऊकच नसतं! पलीकडे किती माल शिल्लक आहे, तेही दिसत नाही. त्याला कळतं ते दारावर मिळणाऱ्या वर्दीवरून. ही वर्दी म्हणजेच 'इव्हेंट'. या पद्धतीवरून पुढे 'नोफ्लो' नावाची प्रणाली निघाली. तिच्यात सुरुवातीला अशा पाच मुख्य वर्द्या होत्या : 'कनेक्ट', 'बिगिनग्रुप', 'डेटा', 'एन्डग्रुप' आणि 'डिस्कनेक्ट'.

पण एवढ्या कशाला? 'माल आला' एवढी एकच वर्दी पुरली नसती?

करून बघू. बेरीज करणारा एक घटक घ्या. त्याच्या दारावर एका मुलीचे गुण येतात. मराठी ७२, गणित ६५, विज्ञान ८१. प्रत्येक 'डेटा'ला त्याने बेरीज बाहेर पाठवली, तर ७२, १३७, २१८ असे तीन निकाल लागतील! बरं, आकडे संपेपर्यंत थांबावं म्हटलं, तर संपले हे सांगणार कोण? बिचारा थांबूनच राहील. त्याहून वाईट म्हणजे, पुढच्या मुलाचे ४० गुण आले की तो ते २१८ मध्येच मिळवील आणि म्हणेल २५८. त्या मुलाची चंगळ, पण निकाल साफ चुकला!

म्हणून 'बिगिनग्रुप' येते आणि सोबत नाव आणते, समजा 'हजेरी क्रमांक ७'. घटकाने ताबडतोब पाटी पुसून शून्यावर यायचं. मग 'डेटा' येईल तसतसे गुण मिळवत जायचे. 'एन्डग्रुप' आली की बेरीज पाठवायची. सगळा वर्ग संपला की 'डिस्कनेक्ट'. नोफ्लोच्या नंतरच्या आवृत्त्यांत हीच खूण गणितातल्या कंसासारखी, 'उघडा कंस' आणि 'बंद कंस' अशी मालाबरोबरच येऊ लागली. मला ही कंसांची युक्ती जास्त आवडते.

दारं दोन असली की आणखी पंचाईत. टक्केवारी काढणाऱ्या घटकाला एका दारातून मिळालेले गुण येतात, दुसऱ्यातून एकूण गुण. आधी कोणते येतील, याचा नेम नाही. जे आधी येतील ते त्याने जपून ठेवायचे आणि जोडीदाराची वाट बघायची. घाईने भागाकार केला, की फसला!

आणि हो, आपलं काम उरकलं की घटकाने बाहेरच्या दारावरही 'संपलं' अशी वर्दी द्यायची असते. नाहीतर त्याचं काम बिनचूक असूनही पुढचा घटक ताटकळत बसतो.