यमूच्या कथेंतील सुष्ट आणि दुष्ट

धरमपेठेंतील जुन्या घरांतून आजीच्या कपाटांत जीं पुस्तकें जपून ठेविलेलीं असतात, त्यांत हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी बहुधा असावयाचीच. १८९३ सालीं ती पुस्तकरूपानें निघाली. तत्पूर्वीं हरिभाऊंच्याच ‘करमणूक’ पत्रांतून ती क्रमशः येत होती. सीताबर्डीपासून हांकेच्या अंतरावर, नागपूरच्या महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या कुसुमावती देशपांडे यांनी १९५३ सालीं ‘मराठी कादंबरी : पहिलें शतक’ हा ग्रंथ लिहिला, त्यांतहि हरिभाऊंना मोठें स्थान आहे.

घरांत या कादंबरीची गोष्ट निघाली कीं पहिलें नांव येतें शंकरमामंजींचें. हा गृहस्थ ढोंगी, कारस्थानी व निर्दय. त्याला दुष्ट ठरवावयास वाचकाला क्षणभरहि थांबावें लागत नाहीं. आणि आमच्या मतें कादंबरींतील उणी बाजू ती हीच. डिकन्सच्या कित्येक खलपुरुषांप्रमाणें त्याला इतका गडद काळा रंग दिला आहे कीं वाचक उलट निर्धास्त होतो. ‘आमच्या घरीं असा कोणी नाहीं बाई!’ असें म्हणून पान उलटतां येतें.

परंतु हरिभाऊंनीं कथा सांगण्याचें काम स्वतःकडे न ठेवतां यमूच्या हातीं दिलें, आणि तेथें ही पळवाट बंद झाली. लहानपणच्या गोष्टी सांगतांना ती भातुकली आणि वडिलांचा संताप एकाच सुरांत सांगते. आई मुकाट्यानें सोसते, हें तिला सूर्य उगवण्याइतकें स्वाभाविक वाटतें. लेखक मध्यें येऊन ‘पहा हा अन्याय!’ असें म्हणत नाहीं. तें म्हणण्याचें ओझें वाचकावर पडतें. यमूचे वडील कांहीं खलपुरुष नव्हेत. चारचौघांत मान असलेले, तापट, असे गृहस्थ कोणत्या आळींत नव्हते? मैत्रीण दुर्गी नवऱ्याच्या हातून छळ सोसते, तोहि ज्यांना ठाऊक होता तीं माणसें वाईट नव्हतीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकाला शंकरमामंजी ओळखीचा वाटणार नाहीं, पण माजघरांत खालीं मान घालून बसलेलीं हीं भलीं माणसें खचित वाटतील.

आतां सुष्टाची बाजू. रघुनाथराव बायकोला वाचावयास शिकवितो, मुंबईस नेतो, तिच्याशीं बरोबरीनें बोलतो. मुंबईचीं हीं प्रकरणें कित्येकांना लांबलेलीं वाटतात. आम्हांला मात्र त्यांतली एकहि ओळ गाळावीशी वाटत नाहीं, कारण चांगुलपणा येथें उपदेशाच्या रूपानें येत नाहीं. दोघांनीं मिळून पुस्तक वाचावें, स्नेह्यांच्या घरीं जावें, मोकळेपणानें हंसावें, एवढेंच. मात्र हें सारें एका माणसाच्या श्वासावर उभें आहे. रघुनाथराव जातो आणि त्या चांगुलपणाच्या नांवावर ना घर, ना पैसा, ना एखादा नियम उरतो. यमूचें बळजबरीनें केशवपन होतें तें घरच्याच माणसांच्या हातून. आणि तें करणाऱ्यांना रूढीबाहेर एक पाऊलहि टाकावें लागत नाहीं. कादंबरींतील खरें भय आम्हांला येथें वाटतें. शंकरमामंजी कितीहि कारस्थानी असो, या एका कामाला त्याला कारस्थान लागलेंच नसतें.

१८५६ च्या कायद्यानें विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली होती. तिच्या केसांना मात्र त्या कायद्याचा कांहीं आधार नव्हता. मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांनींच सभा भरवून विधवांचें केशवपन न करण्याचा निश्चय केला, तें साल १८९०. ‘करमणुकीं’त यमूची कथा त्याच सालीं येऊं लागली.