दुधाचा दात बँकेत ठेवावा काय?

मुलाचा पडलेला दुधाचा दात फेकू नका, आमच्या बँकेत ठेवा. त्यातील मूलपेशी पुढे मोठ्या आजारात कामी येतील, अशा जाहिराती आता शहरांतील दवाखान्यांत व मोबाईलवर दिसू लागल्या आहेत. रक्कम हजारांत असते. लेकराच्या नावाने आई-बाप पोटाला चिमटा काढून पैसे भरतात, म्हणून या विषयावर आम्ही स्पष्ट लिहायचे ठरवले.

जाहिरातीतले सगळेच खोटे नाही. दाताच्या आत मऊ गाभा असतो, त्याला आपण 'नस' म्हणतो. त्यात मूलपेशी, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशी असतात, हे २००० साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी सॉन्गताओ शी व सहकाऱ्यांना त्या दुधाच्या दातातही सापडल्या. शी यांना ही कल्पना स्वतःच्या मुलीचा पडलेला दात पाहून सुचली होती. मात्र एका दातातून मिळाल्या जेमतेम डझन-दीड डझन पेशी.

२०१८ मध्ये चीनमधील डॉक्टरांनी पुढचा टप्पा गाठला. अपघाताने समोरच्या दाताची नस मेलेल्या मुलांचाच एक दुधाचा दात काढून त्यांनी त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या व मेलेल्या दातात भरल्या. वर्षभराने तेथे रक्तप्रवाह आणि संवेदना परतल्याचे आढळले. पण येथे ध्यानात घ्या, तो दात उपचाराच्या वेळीच काढलेला होता. वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेला नव्हता. आणि मधुमेह किंवा पक्षाघात दाताच्या पेशींनी बरा करण्याचा मान्य उपचार आज कोठेही नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फक्त नाळेतील रक्ताच्या बँकेला मान्यता आहे. दाताच्या व्यावसायिक बँकेला नाही. जाहिरातीत हे वाक्य आम्हाला दिसले नाही!

आता दुसरी बाजू. नस मरते ती बहुधा जंतूंमुळे. 'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो आणि गावोगावी धुरी देऊन दातातून किडे पाडून दाखवणारेही फिरतात. दातात किडा नसतोच. १८९० मध्ये विलोबी मिलर या दंतवैद्याने मांडले की तोंडातले सूक्ष्म जंतू साखर व पिष्ट खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. पुढे एकाच गुन्हेगार जंतूचा शोध सुरू झाला. आज मत बदलले आहे. माणसांच्या तोंडांत मिळून सातशेच्या वर जातींचे जंतू आढळतात, त्यांतील बहुतेक निरुपद्रवी. दिवसभर बिस्किट, चॉकलेट, गोड चहा चालू राहिला की आम्लात तगणाऱ्यांचे फावते आणि बाकीचे मागे पडतात. म्हणजे साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे.

नव्या पेशींचा उपचारही याच जंतूंपाशी अडतो. दाताच्या पोकळीत संसर्ग उरला तर आत भरलेल्या पेशी टिकत नाहीत.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात पडझडीत मोडून नस मेली, तर मूळ पूर्ण वाढलेले नसल्याने एक उपचार आजही होतो. मुळाची पोकळी औषधाने स्वच्छ करून टोकाकडून थोडे रक्त आत येऊ देतात व वरून दात बंद करतात. कित्येक मुलांत मूळ पुढे वाढते. याला कोणतीही बँक लागत नाही. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत याची चौकशी करावी.

एक चूक मात्र घरोघरी होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे जी दाढ येते ती दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते. ती कायमची असते, तिच्या जागी दुसरी येत नाही. तिच्या खोल खाचा दंतवैद्य लेप लावून बुजवतात. भूल लागत नाही, दुखत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला फ्लोराईडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, त्याहून लहानास तांदळाच्या दाण्याएवढी. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये. आणि आजीच्या डबीतली मिश्री मुलांच्या बोटाला लागू देऊ नये. ती भाजलेली तंबाखूच आहे.